फणसाची जमना

ज्या वर्षी स्नेहाचं लग्न झालं, त्याच वर्षी वामन तामोरेने लाकडाची बायको केली. साल दोन हजार तेवीस. लग्न मे महिन्यात पालघरच्या एका हॉलमध्ये झालं, आणि लाकडी बायकोचं खूळही त्याच हॉलच्या दारात सुरू झालं.

दारात एक मोटरवर चालणारी बाहुली उभी केली होती. अंगात पैठणी, नाकात नथ. पाहुणा आला की कमरेत वाकायची, हात जोडायची, परत सरळ व्हायची. तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर नवरीची आई, म्हणजे वामनची बायको जमना, बसली होती. नवरीच्या आईने खरं तर उभं राहायचं असतं, पण जमनाचे गुडघे त्या वर्षी कोणाचंच ऐकत नव्हते.

"हिचं बरं हाय," जमना बाहुलीकडे बोट करून म्हणाली. "गुडघे नाय तर दुखणार काय? माज्या वाटचे हात आज हीच जोडते."

सगळे हसले. वामन हसला नाही. तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो जन्मभर पॅटर्नमेकर होता. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. पंपांची पोटं आणि व्हॉल्वची डोकी त्याने इतकी कोरली होती की घरात भोपळा आणला तरी तो हात फिरवून जोड कुठे घ्यावा ते बघायचा. निवृत्त झाल्यापासून मात्र दळण आणि गॅसचा नंबर यापलीकडे कोणी त्याच्यावर काम टाकलं नव्हतं. अशा माणसाच्या समोर एक बाई यंत्राने वाकत होती आणि आतली करामत त्याला माहीत नव्हती. हे सहन होण्यासारखं नव्हतं. पाहुणे जेवायला वळले तसा वामन खाली बसला, पैठणीच्या निऱ्या बाजूला केल्या आणि डोकं आत घातलं.

त्याच वेळी नवऱ्या मुलाची आत्या चंद्रकांता हात धुऊन परत आली.

"व्याही काय शोधतात?" तिने विचारलं.

"मोटर," जमना म्हणाली.

चंद्रकांता त्या घरातली शब्द सांभाळून ठेवणारी बाई होती. पुढे दिवाळीला स्नेहा माहेरी यायला निघाली तेव्हाही तिने विचारलं म्हणे, "बाबांना मोटर सापडली का?"

पण हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. बोईसरच्या मच्छी मार्केटची नवी शेड झाली नसती तर खरंच गेलं असतं.

जमनाची मार्केटात जागा होती. आधी ती वामनच्या आईची. लग्न होऊन दांडी गावातल्या घरी आल्यावर सासूने तिला पाटावर शेजारी बसवून कोयता कसा धरायचा, गिऱ्हाईक कधी सोडायचं नि कधी परत हाक मारायची हे शिकवलं, आणि मरताना जागा तिच्या हवाली केली. वामनने सालवडला घर बांधलं तरी जमना पहाटेची दांडीहून येणारा टेम्पो गाठून मार्केटला जायची. जुन्या मार्केटात जागा म्हणजे जमिनीचा तुकडा होता. बाई आजारी पडली की माशांची पाटी उलटी ठेवायची, वर एक दगड. त्या पाटीला कोणी हात लावत नसे. नव्या शेडमध्ये सिमेंटचे ओटे झाले, ओट्यांना नंबर आले, आणि नंबर आले म्हणून कमिटी आली. कमिटीने नियम केला, की दसऱ्यापासून जो ओटा महिनाभर रिकामा दिसेल तो दुसऱ्या बाईला जाईल.

डॉक्टरांनी जमनाला वर्षभर मांडी घालून बसायला बंदी केली होती. ती कशीबशी रिक्षाने जाऊन कमिटीच्या कारकुनाला भेटली. कमलेश नाव त्याचं, स्वभावाने गरीब.

"काकू, माझ्या हातात काय नाय," तो म्हणाला. "मी रोज फोटो काढतो, तो वर जातो. ओट्यावर कोणीतरी बसलेलं दिसलं पाहिजे, बस."

घरी येऊन जमनाने हे वामनला सांगितलं आणि पुढे म्हणाली, "तुमी बसा ना."

"कुठं?"

"माज्या ओट्यावर. इकायचं नाय, बोलायचं नाय. नुसतं बसायचं. बाजूला रंभाबाय हाय, ती बघंल सगळं."

वामनने चहाचा कप खाली ठेवला. "मी? बायकांच्या ओळीत? समोरून कंपनीतली माणसं जातील!"

"जाऊंदेत. मावरंच घेतील."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, जमनाचा नवरा बसलाय."

यात वाईट काय होतं ते आज कोणालाही सांगता यायचं नाही. पण त्या दिवशी वामनला त्यात फार मोठा अपमान दिसला. ज्याला कंपनीत सगळे मिस्त्री म्हणायचे त्याने पुढ्यात बांगडे मांडून बसायचं? तो उठून ओटीवर येऊन बसला. आणि तिथे कमलेशचा एक शब्द त्याच्या डोक्यात फिरायला लागला. 'दिसलं' पाहिजे. कारकून 'बसलं पाहिजे' म्हणाला नव्हता. 'बसलेलं दिसलं पाहिजे' म्हणाला होता.

मग त्याला हॉलमधली बाहुली आठवली.

लाकूड माकुणसारहून आलं. जमनाच्या भावाच्या वाडीतला फणस वाऱ्याने पडला होता, त्याचा बुंधा टेम्पोतून सालवडला आला. फणसाचं लाकूड कोरायला चांगलं, किडीला कडू, पण रंगाने पिवळंधमक. बुंधा उतरला तसे शेजारी प्रफुल्ल आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या घरचा फोन कधी लागत नसे, पण सल्ला चोवीस तास चालू.

"वामनदादा, चेहरा हसरा ठेवा. गिऱ्हाईक ओढलं जातं."

"मावरं विकणारी बाई हसत नाय," वामन म्हणाला.

"मग डोळ्यांत लाल दिवे तरी बसवा."

"तिला बाजारात बसायचंय, सिग्नलला नाय."

प्रफुल्लना वाईट वाटलं नाही. त्यांना कधीच वाईट वाटत नसे. ते खुर्ची घेऊन येऊ लागले.

वामनचा बेत साधा होता. बसलेली बाई. उजव्या हातात लाकडी कोयता, तो वर जाणार, खाली येणार. डावा हात माश्या हाकलणार. आणि मान होकारार्थी हलणार, म्हणजे गिऱ्हाइकाला बरं वाटेल. एवढ्यासाठी त्याने जमनाला चटईवर भिंतीला टेकवून बसवलं आणि पट्टीने मापं घ्यायला सुरुवात केली. खांदा ते कोपर, कोपर ते मनगट, हनुवटी ते टाळू.

"तिरडीचं माप घेताय काय ओ?" जमना म्हणाली.

"हलू नको."

"हलले नाय तर मलाच ठेवा की ओट्यावर."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं. म्हणून लाकडी नमुना थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून किंचित मोठा. दिसायला ती चार लोकांच्या पट्टीसारखीच. जन्मभर वामनचा हात खिळ्यावरून तीच पट्टी काढत आला होता, आणि लाकडी जमनाचं धड कोरतानाही त्याने तीच काढली. मापही तिनेच घेतलं असतं, आतलं कामही तिनेच केलं असतं, तर बिघडलं नसतं. पण मापं त्याने घेतली होती दुसऱ्या पट्टीने, जी स्नेहाच्या शाळेच्या दप्तरातून उरली होती. आणि आतली दांडकी, खुंट्या, चाकंही केली त्याच शाळेच्या पट्टीने.

त्यामुळे धड जमनापेक्षा जरा थोराड झालं. जमना दारातून बघून म्हणाली, "मी एवढी जाडी?" वामन म्हणाला, "बसल्यावर दिसतेस." हे बोलायला नको होतं. दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं.

पण खरी रड पुढे झाली. धडातली भोकं मोठी, खुंट्या बारीक. हात लावला तर खांद्यात खुळखुळायचा. मानेचं उलटं झालं. मानेचा खुंटा धडाबरोबरच कोरलेला, म्हणून मोठा, आणि डोक्यातली खाच लहान. डोकं ठोकून बसवलं ते बसलं, पण हलेना.

"दमट हवा," प्रफुल्लनी निदान केलं. "लाकूड फुगलं."

वामनलाही ते पटलं, कारण त्यात त्याची चूक नव्हती. अख्खा अधिक महिना त्याने लाकडाला ऊन दाखवण्यात घालवला. सकाळी लाकडी बाईला उचलून अंगणात न्यायचं, ढग आला की आत आणायचं. गल्लीतून जाणारे लोक त्याला एका पिवळ्या बाईला मिठी मारून धावताना बघत होते. खरी जमना दारात बसून म्हणायची, "मला येवढ्या वर्सांत कदी उचलली नाय."

नारळी पौर्णिमा आली. होड्या दर्यावर गेल्या, ताजं मावरं मार्केटला यायला लागलं. त्या आठवड्यात पट्टी खिळ्याला अडकवताना वामनने सहज दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या, तर एकीचा फूट दुसरीच्या पुढे गेला. मग त्याने एक खिशात घातली आणि कोणाला काही सांगितलं नाही. प्रफुल्लना तो म्हणाला, "तुमचं बरोबर. फुगलं होतं."

मान मोकळी करायला त्याने खाच तासली. जरा जास्तच तासली. भाड्याच्या खोलीत राहणारा बन्सी, जो एमआयडीसीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा, म्हणाला, "चाचा, वाइपर का मोटर लगा दो. बैटरी पे चलेगा, एकदम सस्ता." वामनने लावली. बटण दाबलं. कोयता वर गेला, खाली आला. डाव्या हाताने माश्या हाकलल्या. मान मात्र खाली-वर व्हायच्या ऐवजी, गाडीच्या काचेवर फिरावं तशी डावीकडून उजवीकडे फिरली.

"नाय म्हणते," जमना म्हणाली.

"होतंय, होतंय. दुरुस्त करतो."

"नको. मी पण नायच म्हणते. पयल्या भावाला कोण हो म्हणतं?"

मग ती लाकडी तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. वामनने ते तोंड मनापासून कोरलं होतं. जमना समोर बसलेली असताना त्याला तिच्याकडे टक लावून बघायला संकोच वाटायचा, म्हणून बरंचसं आठवणीने कोरलं होतं.

"ओ," ती म्हणाली, "ही तर तुमची आय."

वामनने बघितलं. कपाळ आईचं, नाक आईचं, ओठ आवळून धरायची लकबही आईचीच.

"मेली तरी जागा सोडत नाय म्हातारी," जमना म्हणाली आणि इतकी हसली की गुडघा धरून बसावं लागलं. नंतर तिने स्वतःचं हिरवं लुगडं काढून दिलं. ते लाकडाला बरोबर बसलं. जमनाला ते आताशा सैल होत होतं. दुखण्यात ती उतरली होती. वामनच्या धंद्यात आकसण्याची सोय आधीच करून ठेवायची असते. माणसाच्या बाबतीत ती कशी करायची हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्या वेळी ते त्याच्या नजरेतही आलं नाही. त्याची नजर मानेवर होती.

दसऱ्याला लाकडी जमना मार्केटात गेली. पहाटे टेम्पोतून बायका उतरल्या तेव्हा ओट्यावर हिरवं लुगडं नेसून एक पिवळी म्हातारी बसलेली होती आणि नाही नाही म्हणत कोयता चालवत होती. रंभाबाईच्या हातातून पाटी पडली.

"अगो आय गो! जमनाची सासू! सासू उठून आली!"

रंभाबाईने तरुणपणी त्या सासूचा मार खाल्लेला होता. तिने आधी हात जोडले आणि मग शिव्या दिल्या. दोन-तीन जुन्या बायकांनी पाया पडून सुरमईचे तुकडे समोर ठेवले. गिऱ्हाइकांची गंमत वेगळीच.

"मावशी, पापलेट कसं?"

मान डावी-उजवी.

"दोनशे कमी करा."

डावी-उजवी.

"बरं, राहू द्या, जे आहे ते घ्या," असं म्हणून एका माणसाने पैसे लाकडी मांडीवर ठेवले. रंभाबाईने ते उचलून पापलेट दिलं आणि संध्याकाळी जमनाला निरोप धाडला, की तुझी सासू तुझ्याहून बरी विकते.

चार दिवस फोटोत ओटा भरलेला दिसला. पाचव्या दिवशी कमलेश चष्मा पुसून जवळ आला.

"काका, हा पुतळा आहे."

"पुतळा नाय. काम करते ती."

"पुतळ्याला वरची परवानगी लागते. कलेक्टरपर्यंत जातं ते."

"मग बाई समज."

"बाई असेल तर आधार कार्ड द्या."

"मशीन समज."

"मशीनला विजेचा दाखला."

"बॅटरीवर चालते रे!"

कमलेशने बराच विचार केला. "काका, मला तुमच्यासाठी काहीतरी करायचंय. पण रजिस्टरात 'लाकडी नातेवाईक' असा रकानाच नाही."

आणि पुतळा हा शब्द जमनाच्या कानावर गेला. तोपर्यंत ती हसत होती, आता हसली नाही. "पुतळा मेल्या माणसाचा असतो ओ. मी हाय अजून."

कमलेशने प्रश्न वर पाठवला, आणि दिवाळीनंतर कमिटीचे साहेब स्वतः बघायला आले. आदल्या दिवशी बन्सीने प्रेमाने नवी, मोठी बॅटरी लावून दिली होती. वामन इस्त्रीचा शर्ट घालून जरा लांब, मसाल्याच्या दुकानापाशी उभा होता, म्हणजे कोणाला तो मार्केटातला वाटू नये. साहेब ओट्यासमोर थांबले. रंभाबाईने आदराने बटण दाबलं. लाकडी बाईची मान एवढ्या जोरात नाही नाही करायला लागली की पदर उडाला. डाव्या हाताने साहेबांच्या पोटावरच्या माश्या हाकलल्या. कोयता वर गेला तो बर्फाच्या पाण्याच्या टोपावर आला, आणि टोप साहेबांच्या पॅंटवर.

"काय म्हणतेय ही?" साहेब गारठून म्हणाले.

"नाय म्हणते, सायब," रंभाबाई म्हणाली. "ती कोणालाच हो म्हणत नाय."

साहेब माणूस चांगला निघाला. आधी ओरडला, मग हसला. म्हणाला, "वर्ष संपेपर्यंत मुदत देतो. नव्या वर्षापासून या ओट्यावर जिवंत माणूस बसलेलं पाहिजे. घरातलं कोणीही चालेल. बाप्या असला तरी चालेल."

'बाप्या असला तरी' हे सगळ्या ओळीने ऐकलं, आणि सगळ्या ओळीने मसाल्याच्या दुकानाकडे बघितलं. वामन धण्याचा भाव विचारत होता.

लाकडी बाईला घरी आणलं. रात्री जेवताना जमना म्हणाली, "सायब कायतरी बोलला म्हणे."

"मुदत दिलीय."

"दुसरं काय?"

"दुसरं काय नाय."

तिने त्याला आमटी वाढली. रंभाबाईकडून तिला सगळं कळलेलं होतं. वामनने दुसऱ्या दिवशी मान उतरवली. त्याचं म्हणणं, साहेबाला राग 'नाही'चा आला. मान एकदा होकारार्थी हलली की सगळं सुरळीत होईल. मुदत आहेच. त्या मुदतीत ओट्यावर जाऊन नुसतं बसायला किती सोपं होतं! ते सोडून तो ओटीवर बसून नवा खुंटा करत होता. या वेळी खऱ्या पट्टीने. जमना शेजारी खुर्चीवर बसून शेंगा सोलायची, मधूनच दम लागला की थांबायची. "काय होतंय?" तो विचारायचा. "काय नाय, तुमी करा तुमचं," ती म्हणायची. आणि तो करायचा.

डिसेंबरात मान झाली. बटण दाबलं. डोकं हळूच खाली आलं, वर गेलं, परत खाली आलं. वामनला एवढा आनंद कंपनीतला सर्वांत अवघड पंप ओतून निघाला तेव्हाही झाला नव्हता.

जमना खुर्ची सरकवून लाकडी बाईच्या समोर बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"काय गो," जमनाने तिला विचारलं, "वामन बसंल काय माज्या जागेवर?"

लाकडी बाईने मान डोलावली. हो. हो. हो.

"बघितलंस? खाली-वर. एकदम बरोबर," वामन म्हणाला. प्रश्न त्याने ऐकलाच नव्हता. तो खुंट्याकडे बघत होता.

"व्हय," जमना म्हणाली. "बरोबर हाय."

त्यानंतर लाकडी बाई मार्केटला गेली नाही. तिची जरूर राहिली नाही. वर्ष संपलं, मुदत संपली, पण ओटा गेला नाही. रंभाबाईने तिथे जुन्या रिवाजाप्रमाणे पाटी उलटी ठेवली, वर दगड ठेवला, आणि कमलेशने तेरावं होईपर्यंत त्या ओट्याचा फोटो काढला नाही.

आता तिथे वामन बसतो. बायकांच्या ओळीत, बरोबर मध्ये. कंपनीतली माणसं समोरून जातात. ती पहिल्या दिवशी थांबली, "मिस्त्री, बांगडा कसा?" म्हणाली, आणि बांगडे घेऊन गेली. कोणी काही बोललं नाही. कोयता त्याला अजून नीट धरता येत नाही, रंभाबाई त्याला म्हणते, "दादा, ही मासळी हाय, पंप नाय, एवढी माया करू नका." पहिल्या भावाला तो लगेच हो म्हणतो. मग ती शेजारून खाकरते, आणि तो मान डावी-उजवी करतो.

लाकडी जमना ओटीवर आहे. बॅटरी काढून ठेवली आहे. अंगात तेच हिरवं लुगडं.

खरी जमना, जमना वामन तामोरे, सोमवार, पंचवीस डिसेंबर दोन हजार तेवीस रोजी सकाळी, सालवडच्या घरी, हृदय बंद पडून वारली.